कुंकवाची खूण

माझी नोकरी काय, हे सांगायला लागलो की पाहुणे जांभई देतात. मी मेमरी कार्डांना थेट हुकूम सोडणारे प्रोग्राम लिहितो. तुम्ही फोटो पुसता तेव्हा फोन मध्ये पडून विचारतो, ‘नक्की ना?’ माझा प्रोग्राम कुणालाच मध्ये घेत नाही. पूस म्हटलं की कार्ड पुसतं. याचा मला केवढा माज होता!

बाबा गेल्यावर त्यांच्या फोनचं कार्ड उघडेना. त्यात त्यांचं गाऱ्हाणं होतं, दरवर्षी गणपतीपुढे घरादारासाठी मालवणीत मागणं घालायचे ते. एकदाच रेकॉर्ड केलेलं. आता ते मी घालायचं होतं. दिंडोशीच्या घरी आईने कार्ड माझ्या हातावर ठेवलं.

“दिवसभर कार्डांवांगडा बोलतंस मां? मगे हेका पण बोलतं कर.”

हरवू नये म्हणून तिने त्यावर कुंकवाचं बोट टेकवलं होतं. मी हसलो. ऑफिसात टेस्टच्या कार्डांच्या ट्रेमध्येच ते ठेवलं. बाकीची सगळी काळी, चुकणार कोण? आधी कॉपी काढा, असं नवीन लोकांना मी तासभर ऐकवतो. स्वतः मात्र म्हटलं, आज खंडेनवमीची पूजा आहे, नंतर निवांत बघू.

पूजेला शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी कॉम्प्युटरना, स्क्रूड्रायव्हरना आणि ट्रेमधल्या झाडून सगळ्या कार्डांना कुंकू लावलं. मी तेव्हा दुसरा पेढा खात होतो.

सुट्टीनंतर ट्रे बघितला, तर प्रत्येक कार्डावर कुंकू. पण मी पडलो हुशार. आईचं बोट जाडं, म्हणजे सगळ्यात मोठा ठिपका तिचाच! ते कार्ड खिशात टाकलं आणि नेहमीसारखी बाकीची पुसायला घेतली. तपासायला मिनिटभर लागलं असतं. पुसायला त्याहून कमी लागलं.

मग खिशातलं कार्ड लावलं. ते झटकन उघडलं. आत आमच्याच टेस्टच्या फाइली.

आईला सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“तू दरवर्षी तेंच्या पाठी हुबो रवायचंस मां? काय आयकलंस?”

मी तोंड उघडलं. बाबांचं एकेक वाक्य संपलं की आम्ही सगळे एकच ओरडायचो, तेवढंच आठवलं. ‘होय म्हाराजा.’ मधलं काहीच नाही.

“तुला आठवतंय?” मी विचारलं.

“माका खंय आयकाक गावायचा? मी आत मोदकांकडे.”