पहिली कुदळ

बनाबाई खणताना बोलत नाही. बोललं की श्वास जातो आणि कुदळ उथळ बसते, असं तिचं म्हणणं. मी पाटबंधारे खात्यातून मजूर म्हणूनच निवृत्त झालो. खणणारी माणसं जन्मभर पाहिली. दगड लागला की बहुतेक जण मातीला शिव्या देतात. बनाबाईनं मातीला कधी शिवी दिली नाही. तिचा राग माणसांसाठी राखून ठेवलेला असतो आणि तो ती वाया घालवत नाही.

तरणी असताना एका ठेकेदारानं बाईमाणसाचं काम म्हणून तिच्या चराचं माप कमी धरलं. ती भांडली नाही. सगळे भाकरी खायला बसले तेव्हा तिनं आपला चर पुन्हा बुजवला, चोपून सारखा केला आणि पाटी डोक्यावर घेऊन घरी गेली. ठेकेदार बघायला आला, तर चर कुठं होता हेच त्याला सापडेना.

आमची वस्ती सणसरच्या पुढं, पाटाच्या खालच्या अंगाला. नवऱ्याच्या मागं बनाबाईला एक एकर रान राहिलं. एके काळी त्यात उसात शिरलेलं माणूस दिसत नसे. पुढं पाटाचं पाणी मुरत मुरत खालून वर आलं आणि येताना मीठ घेऊन आलं. आता उन्हाळ्यात ते रान पीठ सांडल्यासारखं पांढरं दिसतं. उसाचं बेणं लावलं तर डोळा फुटण्याआधी कुजतं. ती दुसऱ्यांच्या रानात खणून पोट भरते आणि संध्याकाळी आपल्या रानात नुसती उभी राहायला जाते.

दोन वर्षांमागं सरकारनं योजना काढली. जमिनीखाली भोकांच्या नळ्या टाकायच्या आणि खारं पाणी ओढ्याला काढून द्यायचं. कोणत्या शिवाराला नळ्या द्यायच्या हे तपासायला एक समिती नेमली. समितीतला मातीचा जाणकार म्हणजे डॉक्टर स्वानंद. हिवाळ्यात आला तेव्हा पाट चालू होता. खड्डे घ्यायला त्यानं बनाबाईला बोलावलं, माती उपसायला मला. तिच्या रानात गुडघाभर खणलं आणि पाणी लागलं. डॉक्टरनं बूट काढले, विजार वर केली आणि स्वतः खड्ड्यात उतरला. चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकला.

"मावशी, ही जमीन मरायला लागलीय," तो म्हणाला. "पण वाचेल. नळ्यांची पहिली ओळ तुमच्या बांधापासून धरतो."

बनाबाईनं त्याचे पाय धुवायला घरून पाणी आणलं. ती कुणासाठी पाणी आणत नाही.

पण नळ्या कुणाला मिळणार हे मातीवर ठरणार नव्हतं. आमच्या भागाचे पुढारी आप्पासाहेब. मागच्या निवडणुकीत आमच्या वस्तीनं त्यांच्या विरोधात मतं टाकली होती. समितीनं अचानक कळवलं की पाट चालू असताना घेतलेले नमुने ग्राह्य धरता येत नाहीत. मे महिन्यात, पाट बंद असताना, डॉक्टर पुन्हा आला. या वेळी बरोबर आप्पासाहेबांचा कार्यकर्ता रणजित होता. आम्हाला नेलं ते बिरोबाच्या माळावर. तिथं मुरूम. कुदळ मारली की ठिणगी उडायची.

बनाबाईनं एक खड्डा पुरा केला. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हितं कोण पेरतं? हितं शेरडं बी थांबत न्हाईत."

रणजित म्हणाला, "बनाक्का, तुझं काम खणायचं. जागा साहेब ठरवत्यात."

डॉक्टर मोबाईलमध्ये बघत राहिला. बनाबाईनं उरलेले खड्डे खणले. सरळ कडा, सपाट तळ, नेहमीसारखे. कामात तिनं खोट ठेवली नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं की ती काहीतरी मनात धरतेय.

ग्रामसभेत माळावरच्या नमुन्यांचा अहवाल वाचला गेला. शिवारातले क्षार मर्यादेत, पाणी खोल, नळ्यांची गरज नाही. योजना आप्पासाहेबांच्या मतांच्या गावाला गेली. डॉक्टर मंचावर बसला होता. बनाबाई बायकांतून उठली.

"साहेब, तुमी माझ्या रानात पाण्यात हुबं होता. बूट काढलं होतं. माती चाखली होती."

डॉक्टरनं चष्मा पुसला. "मावशी, विज्ञान आकड्यांवर चालतं. आठवणींवर नाही."

पुढच्या रांगेतले हसले. रणजित सगळ्यात मोठ्यानं हसला. बनाबाई खाली बसली. घरी जाताना मी म्हणालो, "जाऊ दे, बनाबाई." ती म्हणाली, "तात्या, जाऊ द्यायचं आसंल तर तुमी जा. मी हाय हितंच."

तरी वस्तीत कुरबुर थांबेना. पांढरं रान सगळ्यांना दिसत होतं. आप्पासाहेबांनी ठरवलं की तोंडं बंद करायची. बनाबाईच्या बांधाला लागून गायरानाचा तुकडा आहे. तिथंच शेतकरी भवन बांधायचं, म्हणजे जमीन चांगली असल्याचं सगळ्यांच्या डोळ्यांना दिसेल. निवडणूक तोंडावर होती. भूमिपूजन डिसेंबरात धरलं. पाट चालू झाला होता.

भूमिपूजनाचं एक काम लोकांना माहीत नसतं. पुढाऱ्याची कुदळ कठीण मातीत अडकू नये, फोटोत हात वाकडा येऊ नये, म्हणून आदल्या दिवशी ती जागा खणून भुसभुशीत करून ठेवावी लागते. पाटीवर नाव पुढाऱ्याचं लागतं, पण खरी पहिली कुदळ आमच्यासारख्यांची असते. या भागातल्या निम्म्या शाळा, टाक्या आणि समाजमंदिरांची पहिली कुदळ बनाबाईची आहे. रणजितनं तिलाच सांगितलं. दुसरी कोण करणार?

"नीट मऊ कर, बनाक्का. आप्पासाहेबांचा खांदा दुखतोय."

"लोण्यासारखं करते," ती म्हणाली.

दुपार कलल्यावर तिनं सुरुवात केली. वीतभर खणायचं होतं. ती गुडघाभर गेली. पाणी आलं. ती थांबली नाही. मी वरून बघत होतो.

"बनाबाई, पुरं."

"तात्या, घमेलं वढा."

मी ओढलं. मला काय चाललंय ते कळलं होतं आणि मी खुशीनं ओढलं. ती कमरेइतकी खाली गेली. चिखलात उभं राहून खणणं सोपं नसतं. प्रत्येक घावाला पाय आत ओढला जातो, तो सोडवायचा, मग पुढचा घाव. वर आली तेव्हा पाणी खड्ड्यात चढत होतं. मग तिनं उसाची टिपरं आडवी टाकली, वर पाचट, वर कोरडी माती. हातानं थापून बघितलं. एक घाव सोसेल आणि दुसरा सोसणार नाही, एवढीच जाडी तिनं ठेवली.

सकाळी रांगोळी काढणाऱ्या बायकांना ती म्हणाली, "कडंकडंनं काढा गं. मधी पाय न्हाई द्यायचा. पूजेची जागा हाय."

मंडप भरला. आप्पासाहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यात आले. रणजितनं डॉक्टरच्या हातात माइक दिला. कुदळीला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला. डॉक्टर बोलत होता, "शास्त्रीय तपासणीनंतर ही जमीन निर्धोक असल्याचं..." आप्पासाहेबांनी पहिला घाव घातला. टाळ्या झाल्या.

फोटोवाला ओरडला, "आप्पासाहेब, आजून एकदा! फोटू हलला."

आप्पासाहेबांनी एक पाय पुढं टाकला आणि दुसरा घाव घातला. टिपरं मोडल्याचा आवाज आला. कुदळ गेली, पाठोपाठ पाय गेला मांडीपर्यंत. गढूळ पाणी उसळून पार टोपीपर्यंत उडालं. दोघांनी दंड धरून ओढलं. चिकट चोपण माती अशी ओढून सोडत नाही. आप्पासाहेब कळवळले आणि आणखी खाली बसले.

"पायपलाइन फुटली, पायपलाइन!" रणजित सगळ्यांना सांगत सुटला.

बनाबाई गर्दीतून पुढं आली. खांद्यावर कुदळ.

"सरा बाजूला. पायाभवतीनं खणते, म्हंजी मोकळा हुतोय."

"कशाला? सर तिकडं!" रणजित म्हणाला.

"का रं बाबा? माझं काम खणायचं."

तिनं कुदळ डोक्याच्या वर उचलली. तशी डॉक्टरनं किंकाळी फोडली, "खणू नका! मावशी, खणू नका! खाली सगळं पाणी आहे, कडा ढासळेल!"

माइक त्याच्या तोंडाशीच होता.

बनाबाईनं कुदळ वरच धरली. "काय हाय खाली, साहेब? ऐकू न्हाय आलं."

"पाणी! सगळीकडं पाणी आहे इथं!"

 मग मागून एक म्हातारं बोललं, "आकड्यात सांगा की वो." आणि जो हशा उठला, तो ग्रामसभेतल्या हशापेक्षा पुष्कळ मोठा होता. बनाबाई हसली नाही. तिनं कुदळ खाली ठेवली, आप्पासाहेबांच्या पायाशेजारी पहार रोवली, एक हिसका दिला आणि पाय मोकळा केला. बूट आतच राहिला.

संध्याकाळपर्यंत भवानीनगरच्या चहाच्या टपऱ्यांवर ते सगळं मोबाईलमधून ऐकू येत होतं. भवनाचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. बनाबाईला या भागात काम देणंही बंद झालं. मला वाईट वाटलं ते तेवढ्यापुरतं. बाकी कशाचं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

पंधरवड्यानं डॉक्टर एकटा आला. समितीला फेरतपासणी करावी लागत होती. तो ओट्याशी उभा राहिला. बनाबाईनं बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही.

"मावशी, माझ्यावर दबाव होता."

"आसंल."

"तुमच्याच रानातला नमुना घ्यायचाय. पाट चालू असतानाच. खणायला चला."

ती उठली. कुदळ घेतली. मी मागोमाग गेलो. रानाच्या मधोमध, सगळ्यात पांढऱ्या जागी ती थांबली आणि कुदळ त्याच्यापुढं टाकली.

"आज जागा मी ठरवली. खणायचं काम तुमचं."

"मला सवय नाही हो."

"मला बी न्हवती."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी बांधावर बसलो आणि चुन्याची डबी काढली. त्यानं कुदळ उचलली. दांडा फार वर धरला होता, घाव तिरका पडत होता. सांगितलं असतं तर त्याचा त्रास निम्मा झाला असता. आम्ही दोघांनीही सांगितलं नाही. त्याच्या हाताला फोड आले, फुटले. मीठ लागल्यावर काय होतं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दोनदा तो थांबला. दोन्ही वेळा बनाबाई नुसती बघत राहिली आणि त्यानं पुन्हा कुदळ उचलली.

गुडघाभर खोल गेल्यावर पाणी आलं. बुटात शिरलं.

"बूट काढा," बनाबाई म्हणाली. "मागल्या खेपंला काढलं हुतं."

त्यानं काढले. वाकून माती पिशवीत भरायला लागला.

"आधी चाखा."

त्यानं चाखली.