परत केलेला खण

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, सत्तरच्या दशकात आमच्या गल्लीत जन्मलेलं प्रत्येक बाळ एका परीक्षेला बसलेलं आहे. परीक्षेची जागा मोरी, वेळ सकाळी सात, परीक्षक एकच, आणि फेरतपासणीची सोय नाही.

परीक्षक म्हणजे अव्वा. तेलुगू बोलणाऱ्या विणकराच्या घरातली, काटकुळी, मोठ्या आवाजाची. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणं हे तिचं काम. पाटावर बसून ती पाय लांब पसरायची, नडग्यांवर बाळ पालथं घालायची आणि तेल चोळताना त्याच्याशी तेलुगूत असं काही बोलायची की बाळ रडायचं विसरून ऐकत राहायचं. हे तीन महिने चालायचं. शेवटच्या दिवशी ती बाळाला उताणं ठेवायची, आपले अंगठे त्याच्या मुठींत द्यायची आणि अलगद वर ओढायची. अंगाबरोबर डोकं वर आलं की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायची, "मान आली की हो!" मग तिची ओटी भरायची. खण, नारळ, तांदूळ.

कधी कधी मात्र ओरडा यायचा नाही. मंडळी, ती शांतता तुम्ही ऐकायला हवी होती. शेजारच्या घरांत भांडी घासणारे हात थांबायचे. अव्वा ओल्या हातानं ओटीचं ताट मागे सारायची आणि एरवी कधी न येणाऱ्या हळू आवाजात म्हणायची, "राहू द्या. मी अजून येते."

माझ्या आठवणीत तीन घरांत ती असं म्हणाली. तिन्ही मुलं उशिरा बसली, त्यातलं एक कधीच बोललं नाही. सरळ अर्थ असा की अव्वाला आधी दिसत होतं. आमच्या गल्लीनं अर्थ काढला की अव्वा म्हणाली, म्हणून झालं. गल्ली हुशार, तिनं लगेच उपायही शोधला. आंघोळीच्या आधीच ओटी भरून टाकायची! पदरात पडलेला खण ती परत कसा करणार? कोपऱ्यावरच्या सोनाराकडे तर अव्वा एक चप्पल काढते न काढते तोच तिला कुंकू लावून मोकळे झाले. ती बिचारी एका पायावर.

मी हे सगळीकडे रंगवून सांगायचो. मग आमच्याकडे मुलगी झाली.

तिसरा महिना सरला त्या सकाळी माझी आई ताट घेऊन उंबऱ्यातच उभी होती. अव्वानं एकदा ताटाकडे, एकदा आईकडे पाहिलं आणि मुकाट्यानं ओटी घेतली. न्हाऊ घातलं. अंगठे मुठींत दिले, ओढलं. अंग वर आलं. डोकं मागे लटकत राहिलं.

मोरीत पाणी ठिबकत होतं. अव्वानं पदराची गाठ सोडली आणि खण पाटाच्या कडेला ठेवला.

"राहू द्या. मी अजून येते."

"काय गरज न्हाई," आई म्हणाली. "उद्यापासून येऊ नका तुमी."

आणि मी, गल्लीतला विनोदी माणूस, दारातून म्हणालो, "अहो अव्वा, आमची लेक संस्कारी आहे. एवढ्यात मान वर करायची नाही ती." मोठ्यानं हसलोही. माझी बायको हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सातला कडी वाजली. आईनं उघडली नाही. तिसऱ्या दिवशीही वाजली. चौथ्या दिवसापासून अव्वा आमच्या दारावरून दुसऱ्या घरी जाऊ लागली. खिडकीपाशी तिचं पाऊल मंदावायचं आणि आत आई पाळण्यावर पदर धरायची.

सात रस्त्याजवळच्या एका डॉक्टरांनी मुलीचं वजन केलं. "गुटगुटीत आहे की! काही मुलं आळशी असतात." आळस आमच्याकडे पिढीजात, त्यामुळे आम्ही खूश. पाचवा गेला, सातवा गेला. शेजारची तिच्याहून लहान पोरं आमच्या उंबऱ्यावरून रांगत आत यायची. आमची आढ्याकडे बघत पडून. आई त्या पोरांना हाकलायला लागली, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

दहाव्या महिन्यात एका दुपारी बायकोनं मुलीला चादरीत गुंडाळलं आणि चालू लागली. मी मागोमाग. अव्वा ओसरीवर मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. तिनं मुलीला मांडीवर घेतलं.

"कितवा?"

"दहावा."

तिनं बोटांवर मोजलं. "सात गेले." रागावली असती तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी तिनं मुलीला पालथं घातलं, चादरीची गुंडाळी करून तिच्या छातीखाली दिली आणि डोळ्यांसमोर खुळखुळा धरला. बघायला मान उचलावी लागेल असा. मग रोज अर्धा तास, आमच्या घरी येऊन बायकोकडून करून घेतलं. वर बजावलं, "माझ्या हातात एवढंच हाय. पुण्याला मोठ्या दवाखान्यात दाखवा."

"तुम्हाला हे कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"माझा दुसरा पोरगा. आठ वर्सं निजून होता, मग गेला. मला कुणी सांगितलंच न्हाई. समदे म्हणायचे, होईल, होईल."

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी चादरीची गुंडाळी पाहून शाबासकी दिली. मग विचारलं, "हे आधी का नाही सुरू केलं?" बोलण्यात मी कधी अडत नाही. तिथं चादरीची घडी घालत बसलो.

मुलगी दोन वर्षांची झाली तेव्हा बसली, चौथ्यात भिंत धरून चालली. ते सात महिने हाती असते तर काय झालं असतं, हे मला कुणी सांगू शकलं नाही, आणि मी विचारणं सोडलं. अव्वा मात्र येत राहिली. आई तिला चहा द्यायची, पण बोलायची नाही. कप ठेवून आत जायची.

पुढच्या श्रावणात अव्वा तापानं चार दिवसांत गेली. गर्भारशीनं मयताच्या घरी जायचं नसतं, म्हणून बायको घरी राहिली. आई माझ्याबरोबर आली. ओसरीत गल्लीतल्या बायका दाटीनं बसल्या होत्या, सोनारीणही होती. आई त्यांच्यातून वाट काढत पुढे गेली, अव्वाच्या पायांपाशी उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत ओरडली, "अवो अव्वा, आमच्या सुनेला सातवा लागलाय, आन् तुमी आत्ताच निघालात व्हय?"