दोन्ही बाह्या डाव्या

माझ्या काकूला तिच्या तब्येतीचं विचारलं की ती शिलाई मशीन जोरात चालवायची, म्हणजे ऐकू न आल्याचं सोंग करता यावं. काकांचं उजवं अंग लुळं पडलं, वाचाही गेली. तेव्हापासून पुढच्या खोलीत एका भिंतीशी त्यांची खाट, दुसऱ्या भिंतीशी तिचं मशीन. काकांना ती वेळेवर भरवायची, कुशीवर वळवायची, पुसून काढायची. स्वतः ओट्याशी उभ्यानं दोन घास कोंबायची. ताप, कंबरदुखी, चक्कर, सगळं अंगावर काढायची. "बसून जेवायला मी काय पाहुणी आहे?" म्हणायची. मला संताप यायचा. तिचं कौतुक करणाऱ्या शेजारणींचा तर जास्तच.

एका दुपारी तिनं एका मास्तरीणबाईंच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. कापड दुहेरी घालून बाह्या एकदम कापायच्या, हे शिकाऊ मुलीलाही कळतं. हिनं एकेरी कापडावर बाहीच्या मापाचा तोच कागद न उलटता दोनदा तसाच ठेवला. जोडताना चूक दिसली. उरलेलं कापड शोधायला उठली आणि तिथेच कोसळली.

काका बघत होते. उठता येईना, हाक मारता येईना. चालत्या हातानं ते स्टीलचा पेला खाटेच्या दांडीवर आपटत राहिले, शेजारीण येईपर्यंत. मी पोचले तेव्हा काकू शुद्धीवर येऊन पाणी पीत होती आणि काका अजून आपटतच होते. पेला मला हातातून काढून घ्यावा लागला.

संध्याकाळी ती वाटी-चमचा घेऊन बसली, तर काकांनी तोंड घट्ट मिटलं.

"अहो, आता तुम्ही तरी छळू नका."

त्यांनी डाव्या हातानं चमचा तिच्याकडे वळवला. अर्धं सांडलं. ती चिडली, रडली, मग तिनं तो घास खाल्ला. तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं.

आता रोज हेच चालतं. काकूची चक्कर थांबली, दुपारी ती जरा आडवीही होते. काका मात्र उतरत चाललेत. डॉक्टर आता आमच्याकडे बघून बोलत नाहीत.

परवा ती ओट्याशी ताट वाढत होती. मी म्हटलं, "बसून जेवायला लागल्यापासून माणसात आलीस."

"आले गं," ती हळू आवाजात म्हणाली. "पण हे गेल्यावर माझ्यासाठी तोंड मिटून कोण बसणार?"

तेवढ्यात बाहेर खाटेवर पेला वाजला.

"आले हो, बसतेय," म्हणत ती ताट घेऊन त्यांच्यासमोर जाऊन बसली.