कानाच्या दवाखान्यातली पाटी

कानाच्या दवाखान्यात कधी बसला आहात का? नसाल तर सांगते. जगातलं सगळ्यात गोंगाटाचं ठिकाण ते. येणाऱ्याला ऐकू येत नाही, म्हणून बोलणारा ओरडतो, आणि ज्यांना जरा ऐकू येतं ते बाकीचे सगळे कान टवकारून बसतात. आमच्या दवाखान्यातला कंपाउंडर खिडकीतून दवंडीच पिटायचा. "आजोबा, डाव्या कानात बुरशी! बुरशीऽ!" आजोबा म्हणायचे, "काय खुर्ची?" तोवर बाकावरच्या सगळ्यांना बुरशी कळलेली असायची आणि शेजारची बाई जरा सरकून बसायची.

याच दवाखान्यात माझी धाकटी सून कामाला आहे. आलेल्यांची माहिती सांभाळायची, कुणाची कुणाला दाखवायची, कुणाला नाही, हे तिच्याकडे. पहिल्याच आठवड्यात तिनं काय केलं, बाजारातून लहान मुलांच्या पाट्या आणल्या. हो, दगडी पाट्या आणि खडू. दुखणं, औषध, पत्ता, जे काही बोलायचं ते पाटीवर लिहायचं, समोरच्याला दाखवायचं आणि त्याच्या डोळ्यांदेखत पुसायचं. मोठे डॉक्टर हसले. "बालवाडी काढलीस का गं?" पण महिन्याभरात खिडकीपाशी शांतता झाली. बाकावरच्या बायकांची तेवढी करमणूक गेली. मी त्यातलीच एक, म्हणून ठाऊक.

घरी तर तिचं नाव 'कुलूप' पडलं. नाव ठेवलं तिच्या दिरानं. "आमचं कुलूप आलं का कामावरून?" असं दारातूनच विचारतो. माझा कान तपासला तेव्हाची गोष्ट. माझ्या मुलानं, म्हणजे तिच्याच नवऱ्यानं विचारलं, "आईला कितपत ऐकू येतं गं?"

"त्यांनाच विचार की."

"अगं, तिला ऐकू येत नाही म्हणून तर तुला विचारतोय!"

"मग मोठ्यानं विचार."

मी जवळच बसले होते. सगळं ऐकू आलं, पण गप्प राहिले. आमच्या घरात एकाच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यात ही एक अशी. मला ती आवडायला लागली ती तेव्हापासून.

आता पुढचं मला सुनेनं सांगितलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. दवाखान्यातलं बोलणं कंपाउंडरकडून कळलं, बाकी गाण्याच्या बाईंनी स्वतः सांगितलं, आणि "खुशाल लिहा" म्हणाल्या.

या बाई पलीकडच्या गल्लीत मुलामुलींना गाणं शिकवतात. एकट्या राहतात, क्लासवरच घर चालतं. त्यांचा उजवा कान हळूहळू जायला लागला. वरचे सूर पुसट यायला लागले. गाणं शिकवणारीलाच ऐकू येत नाही हे बाहेर फुटलं तर क्लास बंद. म्हणून लपतछपत दवाखान्यात आल्या. सुनेनं पाटी पुढं केली. बाईंनी नंबर लिहिला आणि खाली लिहिलं, 'हा क्लासचा फोन आहे, यावर काही कळवू नका.' सुनेनं तसा शेरा लाल पेन्सिलीनं कार्डावर मारला. ऐकायचं मशीन बसवायचं ठरलं, माप घ्यायचं तेवढं राहिलं.

मध्येच दवाखान्यानं सगळी कार्डं कॉम्प्युटरात घातली. भरणारी मुलगी वेगळी होती, पण ताडून पाहायचं काम सुनेचं. तिनं नावं ताडली, पत्ते ताडले, नंबर ताडले. लाल शेऱ्याला मात्र त्या कॉम्प्युटरात जागाच नव्हती, आणि नेमकं तेच हिच्या नजरेतून सुटलं. कॉम्प्युटर आपणहून निरोप पाठवतो. त्यानं पाठवला, 'कानाच्या मशीनचं माप घेण्यासाठी मंगळवारी यावे.' क्लास भरलेला. फोन दाराजवळच्या फळीवर. एका मुलीची आई घ्यायला आली होती, तिनं फोन उचलून निरोप मदत म्हणून सगळ्यांसमोर वाचला. मदतच ती! संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. दोन मुलींच्या घरचे म्हणाले, "ज्यांना ऐकू येत नाही त्या सूर काय शिकवणार?" आणि मुली काढून घेतल्या.

बाईंनी दवाखान्यात फोन करून विचारलं, हे झालं कसं? मोठे डॉक्टर सुनेला म्हणाले, "कॉम्प्युटर बिघडला म्हणून सांग. झाकली मूठ सव्वा लाखाची."

त्या दिवशी ती घरी आली. जेवताना घास हातातच राहिला. मग मला म्हणाली, "आई, कुणी विश्वासानं हातात दिलेलं सांडलं तर काय करावं?"

कुणाचं, काय, ते मी विचारलं नाही. विचारून कुलूप उघडतंय थोडंच! म्हटलं, "तेल सांडलं तर पुसायला फडकं शोधायच्या आधी ओरडून सांगावं बाई. नाहीतर दुसऱ्याचा पाय घसरतो."

दुसऱ्या दिवशी तिनं आधी सगळे निरोप बंद करायला लावले. जुनी कार्डं काढून लाल शेरे शोधले, आणखी काहींचे सुटले होते, त्या सगळ्यांना स्वतः कळवलं. डॉक्टर चिडले. "आ बैल मला मार, असं करतेयस तू!" ती म्हणाली, "डॉक्टर, बैल मीच सोडलाय." आणि गाण्याच्या बाईंच्या घरी गेली.

बाईंनी दारातच उभं ठेवलं.

"डॉक्टर म्हणाले, कॉम्प्युटर बिघडला?"

"नाही. चूक माझी. मी नंबर ताडला, शेरा पाहिला नाही."

"तुमच्या पाटीवर विश्वास ठेवला मी!"

"हो."

"मग आता मुली परत आणून देणार का?"

"ते मला जमणार नाही. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय केलं, तेवढं सांगू शकते."

"काही सांगू नका. माझं तिथलं सगळं पुसून टाका." आणि दार लावलं.

हिनं पुसलं. तपासणीचा कागद तेवढा कायद्यानं ठेवावा लागतो, तसं बाईंना लिहून कळवलं. आता बाईंचा कान मशीनवाचून, आणि उरलेला क्लास त्या कानावर. हीच टोचणी घेऊन माझी सून किती दिवस वावरत होती, ते मी बघत होते.

मग एका सकाळी मी माझ्या मशीनची बॅटरी घ्यायला बाकावर बसले होते, तर गाण्याच्या बाई आल्या. मोठे डॉक्टर खुर्चीतून उठले. त्यांच्याकडे न बघता बाई सरळ सुनेच्या टेबलाशी गेल्या. "नवं कार्ड काढा."

सुनेनं खुर्ची पुढं केली.

"दुसऱ्या दवाखान्यात गेले होते," बाई म्हणाल्या. "ते म्हणाले, आमच्याकडे कधी चूक होतच नाही. मला भीतीच वाटली. द्या ती पाटी."

पाटीवर त्यांनी नंबर लिहिला. सुनेनं तो कॉम्प्युटरात घातला आणि पडदा त्यांच्याकडे फिरवला. शेऱ्यासाठी आता तिथं लाल चौकट होती. बाईंनी ती वाचली, मान हलवली. मग पाटीवर आणखी काहीतरी लिहिलं, सुनेला दाखवलं आणि आपल्याच पदरानं पुसलं. माझी सून हसली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसली.

आज बाई मशीन लावून उघडपणे शिकवतात. दोघींतली एक मुलगी परत आली, एक नाही आली.

त्या दिवशी घरी आल्यावर मी हळूच विचारलं होतं, "काय गं, शेवटी काय लिहिलं होतं त्यांनी?"

"पुसलं ना आई."

"पाटीवरचं पुसलं. तुझ्या डोक्यातलं कुठं पुसलंय?"

"तिथं कुणाचा हात पोचत नाही," म्हणाली, आणि माझ्या मशीनमध्ये नवी बॅटरी घालून दिली.