आपल्याच हिरोला ओरडणारी प्रेसिडेंट

आपल्याच हिरोचा पिक्चर बघून बाहेर येताना "भिकार हाय!" असं मोठ्यानं म्हणणारी फॅन क्लबची प्रेसिडेंट मी आयुष्यात एकच बघितली. तेही पहिल्या दिवशी, पहिल्या शोला, यूट्यूबवाले माईक घेऊन दारात उभे असताना. आम्ही क्लबवाले तिच्या मागे, अंगात हिरोचा फोटो छापलेले टी-शर्ट आणि तोंडं पांढरीफटक. एका पोरानं माईक पुढे केला, "मावशी, पिक्चर कैसा लगा?" मावशी म्हणाली, "पोरगा माझा चांगला हाय, पिक्चर भिकार. दोन गाणी कापली असती तर मानसा घरी लवकर गेली असती."

पोरगा म्हणजे हिरो. त्याचं नाव मी घेत नाही. घेतलं तर आजही शंभर जण माझ्यावर तुटून पडतील आणि माझं तोंड मालवणी असल्यामुळे मलाही गप्प बसवणार नाही. मावशी वेसाव्याची कोळीण. चार बंगल्याच्या बाजारात मासळी विकायची. नवरा गेलेला, लेक लग्न होऊन उरणला. मी जवळच एका दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला होते आणि तिची रोजची गिऱ्हाईक होते. तिचा मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात लटकवलेला असे. हात ओले असल्यामुळे ती टाइप करायची नाही, फोनशी बोलून लिहायची. त्यामुळे तिच्या कमेंटमध्ये मध्येच 'बोंबील कसे दिले' वगैरे गिऱ्हाइकाची वाक्यंही जात.

हा पोरगा गोवंडीच्या चाळीतला, रंगानं काळा. पहिल्या मालिकेत हिरो म्हणून आला तेव्हा लोकांनी काय काय लिहिलं होतं! हिरो की वॉचमन, टीव्हीचा ब्राइटनेस वाढवा, गोवंडीचा कचरा. एवढ्या घाणीत मावशी एकटी उभी राहिली. "काला हाय तर काय झाला? मी पण काली, समुद्राच्या उन्हात जल्म गेला माझा. काम बघा त्याचा." एवढंच, पण प्रत्येकाला, रोज. एकालाही उलट शिवी नाही. तिचं बघून इकडून तिकडून पोरं जमली, ग्रुप झाला आणि कुणीतरी थट्टेत तिला प्रेसिडेंट म्हणालं. ते नाव तिला चिकटलं.

तिचा कायदा सोपा होता. कामाला बोलायचं, माणसाच्या कातडीला, गावाला, जातीला बोलायचं नाही. एका समीक्षकानं आमच्या हिरोचा पिक्चर धुऊन काढला तेव्हा ग्रुपवरची पोरं पेटली. सगळ्यांनी मिळून रिपोर्ट मारू, त्याचं चॅनेल बंद पाडू! मावशीनं आवाज रेकॉर्ड करून पाठवला, "तिकीट काढून बघितलंय ना त्यानं? मंग बोलंल." उलट एकदा आमच्याच एकानं दुसऱ्या हिरोच्या तोतरेपणाची नक्कल टाकली आणि सगळे खो खो हसले, तर त्या पोराला तिनं आठवडाभर ग्रुपबाहेर बसवलं. तो मला मध्ये घालून आला. मावशी त्याला म्हणाली, "म्हावरं खराब निघालं तर खराब बोल, मी ऐकून घेन. पाटीला कनाला लाथा मारतंस?" तिचं कनाला म्हणजे कशाला.

पोरं कुरकुरायची, पण तिला मानायची. हिरोच्या वाढदिवसाला सगळे तिच्या घरी जमत. ती बोंबील तळत बसे आणि ही टोळी परातच्या परात फस्त करी. "प्रेसिडेंट, तुझ्या हाताला काय चव आहे यार!" हे त्यांचं पालुपद. तिला मुलगा नव्हता. त्या दिवशी तिच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची आणि तिचा चेहरा नुसता फुललेला असायचा.

मग पोरगा मोठा स्टार झाला. वेसाव्याजवळच उंच टॉवरमध्ये राहायला आला. मावशीला केवढा आनंद! आणि एका मुलाखतीत त्याला विचारलं, नवं घर कसं आहे? तो हसत म्हणाला, "व्ह्यू झकास. पण खिडकी उघडायची सोय नाही, खाली कोळीवाडा. वास! आणि त्या बायका पाट्या घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या की मी आपला जिन्यानं. सोसायटीला सांगून ठेवलंय, त्यांना गेटवरच थांबवा." विचारणारा टाळी देऊन हसला.

मी जेवणाच्या सुट्टीत ते बघितलं आणि डबा तसाच ठेवून बाजारात पळाले. तिला आधीच कुणीतरी दाखवलं होतं. समोर अर्धी कापलेली सुरमई आणि ही नुसती बसलेली. मला म्हणाली, "शैला, ह्यो खरंच बोल्ला गं? का त्या कॉम्प्युटरनं खोटी खोटी बनवतात तसला हाय?" काय सांगणार? म्हटलं, "खरंच बोलला, मावशी." ती उठली आणि नळाखाली हात धुऊ लागली. धुतच राहिली. मला इतकं भरून आलं की मी तिथल्या तिथे त्या हिरोच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिनं मलाच दटावलं, "त्याच्या आईशीला कनाला मध्ये आणतंस?"

ग्रुपवर तोपर्यंत सारवासारव सुरू झाली होती. क्लिप तोडून दाखवलीय. सर जोक करत होते. मावशी, प्लीज दोन दिवस काही बोलू नका, सरांचा पिक्चर येतोय. मावशी गप्प बसणाऱ्यातली होती होय! मला म्हणाली, धर मोबाईल. मी धरला. ती कॅमेऱ्यात बघून बोलली, "पोरा, मी तुझी प्रेसिडेंट. तुना काला बोल्ले तवा मी लोकांशी भांडले. आज तू माझ्या हाताच्या वासाला हसलास. तू चुकलास. तोंडानं बोल्लास, आता तोंडानंच माफी माग. बस, येवढाच."

तासाभरात वाट लागली. किती पैसे मिळाले, मावशी? मासळीवालीला डोक्यावर बसवलं की हेच होणार. मोबाईलमधून पण वास येतोय. हे लिहिणारे कोण? तिच्या घरी परात चाटूनपुसून खाणारे! त्या समीक्षकाच्या बाबतीत जे तिनं करू दिलं नव्हतं ते त्यांनी तिच्यावर केलं. सगळ्यांनी मिळून रिपोर्ट मारला आणि तिचा व्हिडिओ गायब झाला. मग तिला ग्रुपमधून काढलं. मी त्यांना दोन सणसणीत वाक्यं लिहिली, ती इथे छापण्यासारखी नाहीत, आणि मीही बाहेर पडले.

कोळीवाडा मात्र तिच्या बाजूनं खवळला. टॉवरवर मोर्चा न्यायचं ठरलं. मावशीही पदर खोचून निघाली. पण देवळापाशी पोरं बॅनर बांधत होती, त्यावर हिरोचा फोटो काळा कुळकुळीत करून खाली लिहिलं होतं, गोवंडीचा कचरा गोवंडीला परत. मावशी थबकली. "ह्या काय?"

"तुझ्यासाठीच हाय, मावशी!"

"माझ्यासाठी हाय ना? मंग फाडा."

बॅनरवाल्यांतला एक तडकला, "त्यानं आपल्या बायकांना गेटवर थांबवला, आणि तू त्याचीच बाजू घेतंस?"

"बाजू नाय घेत. मोर्चात मी सगल्यांच्या पुढं चालन. पन माझा अपमान झाला म्हनून तुमी दुसऱ्याच्या कातडीला हात घालाचा नाय." आणि स्वतःच तिनं ते कापड ओढून टराटरा फाडलं.

मोर्चा गेला, ती पुढे होती, पण शेजारच्या कोळणी पुढे कित्येक दिवस तिच्याशी धड बोलल्या नाहीत. हिरोच्या लोकांसाठी ती विकली गेलेली आणि आपल्या लोकांसाठी हिरोची चमची! हिरो काही टॉवरमधून खाली आला नाही. संध्याकाळी त्याचं निवेदन आलं, 'कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहे.' मावशीनं मला ते दोनदा वाचायला लावलं. म्हणाली, "असल्यास म्हंजी? दुखावल्या का नाय, ते ह्याला अजून कललाच नाय?"

त्यानंतर ती बाजारात बसायची, पण पिशवीतला मोबाईल बाहेर काढायची नाही. एके सकाळी मी कोळंबी घ्यायला गेले तर साध्या साडीतली एक बाई तिच्यासमोर घुटमळत होती. शेवटी म्हणाली, "प्रेसिडेंट तुम्हीच ना? मी त्याची आई." मावशी हातातलं टाकून उभी राहिली. बाई म्हणाली, "तो घरात गप्प असतो हो. लाज वाटते त्याला. त्याच्या वतीनं मी हात जोडते."

मावशीनं तिचे जोडलेले हात धरून खाली केले. "बाय, तुमी कनाला? तोंड त्याचा, बोल्ला तो. तुमची माफी मी घेनार नाय. कोलंबी घ्या, ताजी हाय. खातो का तो?"

ती बाई एकदम रडायलाच लागली. "खातो का? लहानपणी दर रविवारी सुका जवळा भाजायचे मी. वासानं शेजारी धाडधाड दारं लावायचे. हाच चिडून त्यांच्याशी भांडायला जायचा."

"मंग घरी जाऊन त्याना येवढाच आठवून द्या," मावशी म्हणाली आणि कोळंबीचा वाटा तिच्या पिशवीत घातला.

काही दिवसांनी त्याचा व्हिडिओ आला. ना मेकअप, ना मागे संगीत. शेजारी दारं कशी लावायचे ते त्यानं सांगितलं. म्हणाला, "मी ते विसरलो आणि स्वतःच दार लावणारा झालो. मावशी, मी चुकलो. मासळीवाल्या आमच्याच लिफ्टनं वर येतील, असं मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोललोय." मावशी माझ्या मोबाईलवर बघत होती. डोळे पुसायचं तिला भान नव्हतं. "आता बोल्ला माझा पोरगा," म्हणाली.

त्याच दुपारी तिला ग्रुपमध्ये परत घेतलं. तिनं कित्येक दिवसांनी पिशवीतून मोबाईल काढला. मुकुट, फुलं, फटाके. प्रेसिडेंट इज बॅक! आपण सगळे एक फॅमिली! झालं गेलं विसरून जा, मावशी! बोंबील कधी? ती ओल्या बोटानं वर वर सरकवत वाचत राहिली, गिऱ्हाइकं खोळंबली तरी. मग मोबाईल माझ्यापुढे धरला. "शैला, ह्यात माफी कंच्यानं मागलीय गं? मना नीट दिसत नाय." मी सगळं बघितलं. कुणीच मागितली नव्हती. तसं सांगितलं.

तिनं आवाज रेकॉर्ड केला, "पोरगा एकटा चुकला, एकटा हुबा राहून बोल्ला. तुमी तर शंभर होतात. तुमच्यात एकाला पन तोंड नाय?"

मी क्लिनिक सुटल्यावर परत आले तेव्हा बाजार आवरत आला होता. तिचा मोबाईल मांडीवर उघडाच होता. उत्तरादाखल कुणीतरी हात जोडलेलं गुड इव्हनिंग पाठवलं होतं. दुसऱ्यानं हिरोच्या नव्या पिक्चरचं पोस्टर. मावशीनं मला विचारलं, "ह्यातना भायेर कसा पडायचा, ते दाव मना." मी दाखवलं. बोट तिनंच दाबलं.

आता गुडघे धरले म्हणून ती उरणला लेकीकडे असते. ग्रुपवर अजून कुणी कुणी म्हणतं म्हणे, मावशी तेव्हा रागावून गेली. रागावून नाही गेली. संध्याकाळपर्यंत वाट बघून गेली.