धुराड्यांचं सौंसर

पांढुर्णा नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात नोकरीला असलेला गुणवंता सोमकुवर घरी आला की कॉम्प्युटरवर विमान उडवायचा. शौक तसा निरुपद्रवी, पण एके दिवशी त्यानं नागपूरहून उड्डाण केलं आणि रेल्वेलाईन धरून आपल्या गावाकडं, सौंसरला निघाला, तिथून बिनसलं. खेळातल्या सौंसरात संत्र्याची एकही बाग नव्हती. मातकट सतरंजी पसरल्यासारखी जमीन, आणि तिच्यावर उतरत्या छपरांची, धुराडी असलेली घरं!

"बर्फ पडते का आपल्या इथं? धुराडी कायले?" तो एवढ्या जोरात ओरडला की बायको, सुमन, स्वयंपाकघरातून धावत आली.

त्यानं गाव स्वतःच बनवायचं ठरवलं. एका नकाशाच्या वेबसाईटवरून आकाशातून घेतलेली चित्रं उतरवली, जोडली, खेळाच्या जमिनीवर चढवली. बागा दिसल्या, बसस्टँड दिसला. खेळणाऱ्यांच्या एका साईटवर त्यानं ते सगळ्यांसाठी फुकट ठेवलं. दोन दिवसांत साईटवाल्यांनी काढून टाकलं. चित्रं तुमची नाहीत, वाटण्याची परवानगी दाखवा, म्हणाले.

"मी का विकून राहिलो? फुकट देऊन राहिलो ना!"

सुमन शाळेत इंग्रजी शिकवायची. तिनं नकाशावाल्यांच्या अटी शांतपणे वाचल्या. "पाहा म्हणते, उतरवून वाटू नका म्हणते. पाव्हण्याले आंगणात बसू देते माणूस, पण त्यानं खाट उचलून नेली त चालन का? फुकट वाटली तरी?"

हे पटलं म्हणूनच तो जास्त चिडला. त्यानं नकाशावाल्या कंपनीकडं परवानगी मागितली. उत्तर आलं, आपल्या संदेशाबद्दल धन्यवाद. पुन्हा लिहिलं, पुन्हा धन्यवाद. तिसऱ्यांदा त्यानं सरळ विचारलं की तिकडं माणूस आहे की नाही. त्यालाही धन्यवादच आले.

"सगळेच टाकून राह्यले गुणवंताभाऊ, दुसऱ्या नावानं टाका," असं लग्नांचे फोटो काढणारा त्याचा मित्र सौरभ म्हणाला. गुणवंतानं क्षणभर विचार केलाही. पण पुन्हा काढून टाकलं, तर पुन्हा धुराडीच. शिवाय सुमनला तोंड दाखवायचं होतं.

शोधता शोधता त्याला युरोपच्या एका उपग्रहाची चित्रं सापडली. उपग्रहवाल्यांचं नाव दिलं की ती कोणीही वापरावी, बदलावी, वाटावी. त्यानं अटी दोनदा सुमनकडून वाचून घेतल्या. पण चित्रं इतकी अंधुक, की बाग म्हणजे हिरवा डाग आणि बसस्टँड म्हणजे काहीच नाही. लांबून बरं, खाली उतरलं की चिखल.

म्हणून जवळच्या भागासाठी उन्हाळ्यात सौरभचा ड्रोन काढला. ड्रोनची नोंदणी होती. सौंसरला तो उडवायला मनाई नाही हेही दोघांनी तपासलं. फोटो सौरभचे, तेव्हा ते वापरायला आणि वाटायला हरकत नाही असं त्याच्याकडून लिहून घेतलं. सौरभ हसत होता. "मित्राकडून बी सही?"

"मित्राकडूनच पहिले."

मोहगावच्या रस्त्याला ड्रोन वर गेला आणि भैय्याजी नावाचा बागाईतदार काठी घेऊन बांधावर आला.

"कोणाची जमीन मोजून राह्यले बे? बायपास काढता का माह्या बागेतून?"

"नाई जी, विमानाच्या खेळासाठी फोटो..."

"विमान? म्हणजे विमानतळ!"

गुणवंतानं मोबाईलवर खेळाचे फोटो दाखवले, सौंसर दाखवलं, धुराडीसुद्धा दाखवली. भैय्याजींचा संशय वाढतच गेला. शेवटी ड्रोन खाली घ्यावा लागला. त्यांच्या बागेच्या जागी उपग्रहाचा अंधुक तुकडाच राहिला. सुंदर हिरव्या चौकोनांमधला तो डाग पाहिला की अजूनही गुणवंताच्या कपाळाला आठी पडते.

दिवाळीनंतर काम पुरं झालं. उपग्रहवाल्यांचं नाव, सौरभचं नाव, परवानगी, सगळं जोडून त्यानं ते साईटवर पाठवलं. या वेळी ते तिथं राहिलं. थोड्याच दिवसांत एका अनोळखी माणसानं लिहिलं, छान आहे, पण नदीत पाणी का नाही?

"उन्हाळ्यात येऊन पाह्य म्हणा," गुणवंता पुटपुटला, पण उत्तर नीट दिलं.

रविवारी त्यानं सुमनला शेजारी बसवलं. नागपूरहून मोठं जेट उडवलं. ती डोळे बारीक करून पाहत होती.

"सौंसर कधी येते?"

"आलं... हे पाह्य... गेलं."

"एवढी वर्षभर डोकेफोड, अन् गेलं बी?"

त्यानं जेट बंद केलं, पंखा असलेलं, सावकाश उडणारं छोटं विमान काढलं, आणि कुरकुरतच पुन्हा नागपूरच्या धावपट्टीवर जाऊन उभा राहिला.