अप्पांनी घडवलेलं चेनचं गाइड

किनवटच्या आश्रमशाळेत नोकरी लागल्यावर जंगलातल्या वाटांसाठी मी जुनी माउंटन बाइक घेतली. पॅडलजवळच्या तीन दातेरी चक्रांपैकी एकच ठेवलं, तेवढीच कटकट कमी. पण दगडी उतारावर दणका बसला की चेन निसटायची. एकदा त्यातच पडले, मनगट मुरगळलं आणि आठवडाभर फळ्यावर डाव्या हातानं लिहिलं. घरी मी फक्त आईला सांगितलं.

दिवाळीला सायकल एसटीच्या टपावर टाकून अहमदपूरला नेली. अप्पा, म्हणजे माझे वडील, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. गुडघे धरल्यापासून बाहेर पडणं थांबलं होतं, बोलणंही आटलं होतं. सायकल विकून टाक म्हणतील, असं मला वाटलं. त्यांनी ती अंगणात उलटी केली आणि हातानं पॅडल फिरवत बराच वेळ चेनकडे बघत बसले. मग म्हणाले, "हिला धरून ठेवायला हितं कायच न्हाई."

चेनला जागेवर ठेवणारं गाइड विकत मिळतं, पण माझ्या फ्रेमला बसत नाही, असं मी सांगितलं. ते उठले आणि आईचा भाजी चिरायचा प्लास्टिकचा बोर्ड घेऊन आले. आई कुरकुरली, पण करवत तिनंच शोधून दिली.

बोर्डाच्या दोन पट्ट्या कापल्या, चेनच्या दोन्ही अंगांना एकेक. पाण्याच्या पाइपाचा क्लॅम्प घेऊन त्या सीटखालच्या नळीला आवळल्या. मधल्या गिअरांत सगळं ठीक होतं. शेवटच्या गिअरला मात्र चेन तिरकी होऊन पट्टीला घासायची. अप्पा पट्टी काढायचे, कानशीनं थोडी झिजवायचे, पुन्हा बसवायचे. दुपार टळली. एवढं घासलं तर चालतंय, असं मी म्हणाले.

"चालंल गं," ते मान वर न करता म्हणाले. "पण उतारावर तू एकटी असतीस. मनगट आता दुखतंय का?"

मी नुसतं नाही म्हणून मान हलवली.

थंडीत आई-अप्पा आधी एसटीनं, मग रेल्वेनं किनवटला आले. अप्पा उताराच्या पायथ्याशी दगडावर बसून राहिले. मी वरून सुटले, धडधडत खाली आले. चेन जागेवरच होती. ते कष्टानं वाकले, पट्टीवरून बोट फिरवलं आणि बरी बसलीय म्हणाले.

परतताना काठी त्यांनी माझ्या हातात दिली, आणि सायकलचं हँडल धरून, तिच्याच आधारानं चालत राहिले. वर्कशॉपमधल्या गाड्यांच्या गोष्टी माझ्या खोलीपर्यंत संपल्या नाहीत.